इन्स्पेक्टरची बादली

‘सर्वांसाठी खुले’ असं ज्या दारावर लिहिलेलं असतं, ते दार ढकलायचं की ओढायचं, हे मला अजून कळलेलं नाही. मी दोन्ही करून पाहिलंय. दार उघडतं, नाही असं नाही. आतली बाई हसते, बसा म्हणते, पाणी देते. मग मी माझ्या मुलीबद्दल सांगायला लागते. बाईचं हसू तसंच राहतं, फक्त डोळे टेबलावरच्या कागदांकडे वळतात. ‘तसं काही नाही हो,’ ती म्हणते. ‘पण...’

हा ‘पण’ माझ्या डोक्यात जातो. सरळ नाही म्हणा ना! नाही म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

मुलगी अकरा वर्षांची आहे. घरात आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणतो, कारण उघडं काही तिला खपत नाही. नळ, झाकण, कपाट, खण, दार, जांभई देणाऱ्याचं तोंड, सगळं ती स्वतः जाऊन बंद करते. बोलते मोजकं, त्यातही आकडेच जास्त. जिन्याच्या पायऱ्या, माझ्या शिवणाच्या दुकानातली बटणं, समोरच्या घराच्या खिडक्या, काय वाट्टेल ते मोजते आणि शेवटचा आकडा जाहीर करते. डॉक्टरांनी या सगळ्याला एक लांबलचक नाव दिलंय. ते माझ्या निळ्या फायलीत आहे, आणि ती फाईल काखेत मारल्याशिवाय मी कुठेच जात नाही.

मला फार काही नको होतं. समोर एक शिक्षिका बसवून एकटीला शिकवायचे तास तिला होते, त्याबद्दल तक्रार नाही. मला असा एक तास हवा होता ज्यात ती चार पोरांमधलं एक पोर असेल. बस्स. संध्याकाळी खाली रस्त्यावर पोरं खेळायला लागली की ती खिडकीशी उभी राहून डोकी मोजायची. ‘सात.’ रोज सात. एकदा मी सहज म्हटलं, ‘तू गेलीस तर आठ होतील.’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘आठ,’ ती म्हणाली, आणि खिडकी बंद करून दाराशी जाऊन चपला घालून उभी राहिली. आम्ही खाली पोचेपर्यंत पोरं पांगली होती. अर्धा तास ती तिथेच उभी. त्या दिवशी मी कंबर कसली.

पहिला क्लास नाचाचा. तिथल्या मॅडमनी तिला लगेच घेतलं, मी तर हवेतच. चार महिन्यांनी कार्यक्रम झाला. नवऱ्याने डिलिव्हरीच्या व्हॅनची फेरी दुसऱ्याला देऊन सुट्टी घेतली, मी माझ्या हाताने तिचा झगा शिवला, निळा, खाली दुहेरी झालर. पडदा उघडला. पोरी नाचल्या, पडदा पडला, टाळ्या झाल्या. आमची कुठेय? तर पडद्याची दोरी धरून विंगेत. झगा घालून! ‘किती छान पडदा बंद करते हो ती,’ मॅडम म्हणाल्या. ‘अगदी वेळेवर!’

दुसरा चित्रकलेचा. तिथे ती सहा आठवडे ब्रश धूत होती. प्रदर्शनात भिंतीवर एकोणीस चित्रं, आमचं एकही नाही. विचारलं तर सर म्हणाले, ‘तिला मदत करायला आवडतं.’ मी म्हटलं, ‘तुमच्या मुलालाही आवडत असेल, त्याच्याकडून फरशी पुसून घ्या.’ नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

तिसरा तर क्लासही नव्हता. ‘समावेशक उपक्रम’ असा भलाथोरला फलक लावला होता, आमच्यासारखी वीसेक मुलं बोलावली होती, प्रत्येकाच्या हातात एक फुगा दिला आणि फोटो काढले. पुढचा उपक्रम कधी, असं मी विचारलं, तर टोपीवाले गृहस्थ म्हणाले, ‘कळवू.’ दीड वर्ष झालं. फुग्याची हवासुद्धा त्याच संध्याकाळी गेली.

त्यानंतर मी कानाला खडा लावला. परत माझ्या पोरीला कोणी कोपऱ्यात उभं करून काम लावलं, तर मी तिला जागच्या जागी उचलून आणणार. दुकानात मोठ्याने असं जाहीरही केलं. पँटची लांबी कमी करायला आलेला एक माणूस बिचारा लांबी तशीच ठेवतो म्हणाला.

आणि मग नणंदेने हा हॉल शोधला.

माझी नणंद वयाने माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पोस्टातून निवृत्त झालेली, आणि इन्स्पेक्टरची एकुलती एक आत्या. घरात आवाज न चढवता स्वतःचं खरं करणारी ती एकटीच. ‘रंगाच्या गोदामाच्या वर टेबल टेनिस शिकवतात,’ त्या म्हणाल्या. ‘दारावर काही लिहिलेलं नाही. खुलं बिलं काही नाही.’

‘मग कशाला जायचं, ताई?’

‘लिहिलेल्या ठिकाणी जाऊन झालं ना तुझं?’

गेलो. चार टेबलं, भिंतीला पोपडे, आणि ट्रॅकपँट घातलेला साठीचा एक हडकुळा माणूस. सगळे त्याला नुसतं सर म्हणत होते. मी फाईल उघडली आणि माझं भाषण सुरू केलं. हे भाषण मला पाठ आहे, साडेचार मिनिटांचं आहे. तिसऱ्या वाक्याला सरांनी विचारलं, ‘चष्मा आहे?’

‘नाही. पण ती फारशी बोलत नाही, आणि...’

‘बरं. इथे बोलणाऱ्यांचाच त्रास आहे. लेसवाले बूट आणा, पट्ट्याचे नकोत. नियम आत फळ्यावर आहेत, मी तिला वाचून दाखवतो. सोमवार ते शनिवार, सहा ते सात. पालक बाहेर.’

‘मलाही नियम सांगा ना.’

‘तुम्ही खेळणार आहात का?’

त्यांनी इन्स्पेक्टरला आत घेतलं. तिने सवयीप्रमाणे दार बंद केलं. ‘शाब्बास,’ आतून सरांचा आवाज आला, ‘इथे कोणी दार बंदच करत नाही.’ मी फाईल छातीशी धरून जिन्यावर उभी. आयुष्यात पहिल्यांदा माझं भाषण अर्धवट राहिलं होतं, आणि मला राग आलाय की रडू येतंय तेच कळेना.

सहाची वेळ म्हणजे माझ्या दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड. त्यामुळे रोज नेण्या-आणण्याचं काम आत्याकडे गेलं. मी विचारायची, ‘कसं चाललंय, ताई?’ त्या म्हणायच्या, ‘छान चाललंय.’ इन्स्पेक्टरला विचारायची, ‘काय केलंस आज?’ ती आकडा सांगायची. पहिल्या दिवशी ‘एकोणतीस’. दुसऱ्या दिवशी ‘अठ्ठावीस’. मला वाटलं, पायऱ्या मोजते, नाहीतर चेंडू. रोज कसा एकेक कमी होतो, याकडे लक्ष द्यायला मला फुरसत कुठे होती! लग्नसराई नसली तरी माणसं जाड होतातच, आणि सगळ्यांना कपडे उद्या हवे असतात.

एवढं मात्र दिसत होतं की पोरगी बदललीय. साडेपाचलाच बूट घालून बसायची. खालच्या पोरांची डोकी मोजणं थांबलं होतं. एकदा तिच्या खिशात दोन चिरलेले चेंडू सापडले, पांढरे, अंड्यासारखे हलके. मी ते फेकायला गेले तर तिने माझ्या हातातून घेतले, एकेक टेबलावर आपटून त्याचा फुटका आवाज मला ऐकवला आणि खणात ठेवून खण बंद केला. फुटके चेंडू देतात वाटतं हिला, असं माझ्या मनात आलं. पण मी गप्प बसले. अठरा दिवस मी गप्प बसले! नवरा म्हणाला, तारीख लिहून ठेवायला हवी.

एकोणिसाव्या दिवशी आमच्या रस्त्यावरची वीज गेली. मशीन बंद, इस्त्री बंद. म्हटलं, चला, आज आपणच लेकीचा खेळ बघू. आत्या भाजी घेऊन खालच्या टपरीवर चहा पीत बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, जरा वर जाऊन येते. त्यांचा कप अर्ध्यातच थांबला. ‘अगं, नको जाऊस,’ त्या म्हणाल्या, ‘सरांना चालत नाही.’ ‘बाहेरूनच बघते हो,’ म्हणत मी निम्मा जिना चढलेसुद्धा.

हॉलच्या दाराला काच होती, पण आतून रंग दिलेली. खालच्या कोपऱ्यात कुणीतरी नखाने खरवडून नाण्याएवढी जागा केली होती. मी वाकून तिथे डोळा लावला.

चारही टेबलांवर पोरं खेळत होती. आठ जणं, प्रत्येकाच्या हातात बॅट. आणि माझी मुलगी गुडघ्यांवर. टेबलाखाली. हातात प्लॅस्टिकची लाल बादली. चेंडू घरंगळला की ही रांगत जाऊन उचलायची, बादलीत टाकायची. एका पोराने तर तिच्याकडे न बघताच हात मागे केला, आणि तिने त्यात चेंडू ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्याची दोरी, ब्रश, आणि आता ही बादली. अठरा दिवस! मी दार ढकललं आणि बुटांसकट आत घुसले.

‘माझी मुलगी तुमची मोलकरीण नाही!’

सगळे चेंडू थांबले. सर तिसऱ्या टेबलाशी होते, ते जागचे हललेही नाहीत. ‘सहा ते सात आहे,’ ते म्हणाले. ‘आत्ता सहा बावीस झालेत.’

‘मी तिला घेऊन चालले.’

‘मधेच नेताय? विचार करा.’

‘भरपूर केलाय विचार! अठरा दिवस पोरीला गुडघ्यांवर रांगायला लावलंत, आता मी विचार करू?’

ते काहीतरी सांगायला पुढे आले, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत होते कुठे? टेबलाखाली वाकून मी इन्स्पेक्टरचा हात धरला. ती बादली सोडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. बादली कलंडली आणि चेंडू सगळ्या हॉलभर टपटपत सुटले. इन्स्पेक्टर किंचाळली. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत किंचाळत होती, आणि मी तिला कवटाळून पुटपुटत होते, ‘झालं, झालं, आता नाही हं जायचं तिथे.’ तशी ती आणखीनच जोरात. टपरीवर आत्या उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, यांनाही माझ्यासारखाच धक्का बसलाय.

घरी आल्यावर तिने आकडा सांगितला नाही. मी पाणी द्यायला गेले, तिने माझ्या तोंडावर खोलीचं दार लावून घेतलं.

‘बघितलंत ना ताई?’ मी म्हटलं. ‘बादली! आणि तुम्ही मला रोज सांगताय छान चाललंय!’

आत्यांनी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली. ‘छानच चाललं होतं. तिथे नवीन येणारं प्रत्येक पोर तीस हजेऱ्या चेंडू गोळा करतं. तीस झाल्या की बॅट. सर म्हणतात, चेंडू कसा पळतो, कुठे थांबतो, कुठला फुटलाय, हे आधी समजू दे. तुझ्या डोळ्यांसमोर खेळत होते ना, ते आठच्या आठ रांगलेत आधी.’

‘मग आज ती एकटीच का होती?’

‘दुसरा नवा मुलगा तापाने आजारी आहे.’

‘हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?’

‘हो.’

‘मग मला का नाही सांगितलंत?’

‘तुला सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी भांडायला गेली असतीस.’

यावर नवऱ्याने खोकल्याचं निमित्त करून गॅलरी गाठली. मी काहीतरी झणझणीत उत्तर शोधत होते, तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस. काल रात्री झोपताना ती म्हणाली होती, ‘बारा.’ आणि मी म्हटलं होतं, ‘हो गं बाई, बारा बटणं, झोप आता.’ बटणं कसली! पोरगी रोज मला सांगत होती. चांगलं रोज, तोंडाने, माझ्याकडे बघून. डॉक्टर, शिक्षिका, मॅडम, सर, सगळ्यांनी हिला समजून घ्यावं म्हणून मी गावभर भांडत फिरते, आणि मीच...

‘फळ्यावर तिसरा नियम असाय,’ आत्या हळूच म्हणाल्या, ‘की मधेच कोणी उठून गेलं, तर हजेऱ्या पुन्हा पहिल्यापासून.’

त्या रात्री मी बंद दाराबाहेर बसून लेकीची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच दुकान बंद केलं. तिच्या खोलीचं दार वाजवून म्हटलं, ‘हॉलमध्ये जायचंय.’ दार उघडलं, तेव्हा पायात बूट होते, लेस बांधलेली. ते तिने कधी घातले होते कोण जाणे. जिन्यावर ती माझ्यापुढे दोन पायऱ्या. मी मागे, फाईल काखेत, आणि काखेत घाम.

‘सर, चुकलं माझं,’ मी दारातूनच म्हटलं. ‘बूट घालून आत आले, वाट्टेल तसं बोलले. तुम्ही मला काय हवं ते बोला.’

‘ठीक आहे,’ ते म्हणाले. मग इन्स्पेक्टरला म्हणाले, ‘बादली खिडकीखाली आहे.’

एवढं सोपं? मला हायसं वाटायला लागलं, तोच माझं लक्ष फळ्याकडे गेलं. त्यावर पोरांची टोपणनावं आणि पुढे रेघा. ‘इन्स्पेक्टर’ (आत्यांनीच सांगितलं असणार) या नावापुढच्या अठरा रेघा पुसलेल्या होत्या. खडूचा फिकट डाग तेवढा राहिला होता.

‘सर,’ मी म्हटलं, ‘अहो, ती नाही गेली. मी नेली. तिच्या रेघा कशाला पुसल्यात? तिला किती कळणार हो यातलं? तिचं जरा वेगळं आहे, तुम्ही हे कागद बघितलेच नाहीत...’ आणि मी फाईल उघडली. माझं भाषण, दुसऱ्या मिनिटापासून. ‘तिच्या बाबतीत थोडी सवलत...’

बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. तसं काही नाही हो, पण. मी थांबले.

आठही पोरं बॅटा खाली करून आमच्याकडे बघत होती. कोणी हसत नव्हतं. सगळ्यांना उत्तर हवं होतं.

‘या लोकांना काय सांगू?’ सरांनी विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं, जणू मी सांगेन ते ते सांगणार होते.

‘माझ्या पण पुसल्या होत्या,’ कडेचा एक जाडसर मुलगा म्हणाला. ‘पंचवीस! आई मधेच डेंटिस्टकडे घेऊन गेली होती.’ त्याच्या आवाजात अजूनही राग होता. ‘मी तर रडलो पण होतो.’

‘दोन दिवस रडत होता,’ दुसरी मुलगी म्हणाली.

‘एकच दिवस!’

इन्स्पेक्टर फळ्यापुढे उभी होती. तिने त्या खडूच्या डागावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतकं सरळ तिने माझ्याकडे फार क्वचित पाहिलंय.

‘तीस,’ ती म्हणाली. ‘आईमुळे.’

त्या जाडसर मुलाने मान डोलावली. ‘माझं पण आईमुळे.’

माझी फाईल उघडीच होती. इन्स्पेक्टर आली, तिने ती बंद केली, माझ्या काखेत दिली, आणि दोन्ही हात माझ्या पाठीला लावून मला ढकलत दाराबाहेर काढलं.

‘पालक बाहेर,’ ती म्हणाली, आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग बादली उचलल्याचा, आणि लगेच चार टेबलांवरची टकटक.

काचेच्या कोपऱ्यात ती खरवडलेली जागा होती. मी वाकले, आणि मग सरळ झाले. नाही बघितलं.

जिन्याच्या वळणावर एक बाक होता, आदल्या दिवशी रागाच्या भरात मला तो दिसलाही नव्हता. तिथे एक बाई विणत बसली होती. आतला गोंधळ तिने सगळा ऐकला असणार, कारण सुया तशाच हातात होत्या.

‘किती?’ तिने विचारलं.

‘तीस.’

‘डेंटिस्टवाली मीच,’ ती म्हणाली, आणि पिशवी उचलून मांडीवर घेत मला बसायला जागा करून दिली.